वाघासाठी गाव सोडताना : अंगठा देण्याआधी काय विचारावे?

अंधारी नदी ताडोबाच्या जंगलातून वाहते. तिच्याच नावाने १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले. १९५५ चे ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि हे अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.

जंगलातली गावे पाण्याच्या आसऱ्याने वसली. चितळ-गव्यांना आणि त्यांच्यामागे वाघालाही तीच ओलाव्याची, गवताची जमीन लागते. म्हणून बोटेझरी, जामणीसारख्या गावांचे पुनर्वसन झाले. रामदेगी, म्हणजे आपली संघारामगिरी, हे नाव ज्या गावाला जोडलेले आहे ते नवेगावही उठले. तिथल्या शेतांच्या जागी आता कुरणे आहेत. वन्यजीवांचा फायदा खरा आहे. प्रश्न आहे तो माणसांचे हक्क आधी मिळाले का, हा.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(२) याबाबत स्पष्ट आहे. आधी वनहक्कांचे दावे निकाली निघाले पाहिजेत. माणूस आणि वन्यजीव एकत्र राहूच शकत नाहीत, हे शासनाने दाखवले पाहिजे. ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण संमती लेखी हवी. नव्या जागी जमीन व सुविधा पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही हलवता येत नाही. शिवाय रिकामी झालेली जमीन पुढे दुसऱ्या कामासाठी देता येत नाही.

मोबदल्याचे दोन पर्याय असतात : पूर्ण रक्कम रोख, किंवा वनविभागामार्फत जमीन-घरासह पुनर्वसन. कुटुंबामागे १० लाख रुपये होते, ते २०२१ मध्ये १५ लाख झाले. १८ वर्षांवरील मुलगा किंवा मुलगी, लग्न झालेले नसले तरी, स्वतंत्र कुटुंब धरले जाते. यादीत ही नावे आहेत का, हे आधी तपासा.

आपल्या बौद्ध कुटुंबांची अडचण वेगळी आहे. कायद्यात ती 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आदिवासींना ही अट नाही. ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? नियम १३ त्याचे उत्तर देतो : गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. म्हणून वयस्कर माणसे हयात आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या.

बाबासाहेबांनी दिलेले संविधान आपल्याला ग्रामसभेत हात वर करण्याआधी प्रश्न विचारण्याचा अधिकार देते. तो वापरा. वाघ जगलाच पाहिजे, पण त्याची किंमत एकट्या भूमिहीनाने मोजू नये.