कृत्रिम हाताला स्पर्श आला. तो पोहोचणार कोणापर्यंत?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेला रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्याच्या तिठ्यावर एकमेकांस मिळतात. मालमोटारी, टँकर, एस. टी. गाड्या यांची तेथे सदैव वर्दळ असते आणि अपघाताची वार्ता त्या परिसराला नवी नाही. अपघातात हात गमावलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र वार्तेबरोबरच विस्मरणात जातो. पाय गमावलेल्यांना ‘जयपूर फूट’ने उभे केले. हाताची गोष्ट अधिक अवघड आहे. पायाला मुख्यतः भार पेलावा लागतो. हाताला सुईत दोरा ओवावा लागतो, पेला न फोडता धरावा लागतो आणि तव्याचा चटका बसताच मागे सरावे लागते.

या अवघड प्रश्नामागे ज्यांनी कित्येक वर्षे वेचली, त्यांत डॉ. नितीश ठाकोर यांचे नाव ठळक आहे. पवईच्या आय. आय. टी.तून १९७४ मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९८१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते स्थिरावले. त्यांचे आरंभीचे संशोधन हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांविषयी होते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर मेंदूला कितपत इजा झाली, हे मेंदूच्या विद्युत्-आलेखावरून कसे ओळखावे, या विचारातून ते मेंदूकडे वळले आणि तेथून हाताकडे. वरवर हे विषय भिन्न दिसतात. परंतु शरीराचे क्षीण विद्युत्-संदेश गोंगाटातून वेचून त्यांचा अर्थ लावणे, हे सूत्र तिन्हींत एकच आहे.

हात तुटला तरी हाताला आज्ञा देणारा मेंदू शाबूत असतो. त्याची आज्ञा उरलेल्या स्नायूंपर्यंत येते आणि तेथील विद्युत्-संदेश त्वचेवरूनही टिपता येतात. मेंदूतूनच आज्ञा वाचण्याचा मार्गही ठाकोर यांच्या गटाने चोखाळला. माकडाच्या मेंदूतील पेशींच्या नोंदींवरून कोणते बोट हलणार हे ओळखण्याची पद्धत या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढचा प्रश्न उलट दिशेचा होता. हातास आज्ञा मिळाली, पण हाताने मेंदूला काय कळवावे? २०१८ मध्ये या गटाने संवेदक बसविलेली कृत्रिम त्वचा तयार केली. तिच्यावरील दाबाचे संदेश उरलेल्या हातातील मज्जातंतूंना दिले असता, हात गमावलेल्या व्यक्तीला स्पर्श आणि टोचणी यांतील भेद जाणवला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला या गटाचा नवा हात मऊ खेळण्यापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत नित्याच्या वस्तू जपून हाताळतो.

या वाटचालीमागे एक आर्थिक सत्य आहे. दीर्घकाळ फळ न देणाऱ्या संशोधनाचा भार बाजारपेठ सहसा उचलत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये कृत्रिम हाताचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तो संरक्षण खात्याच्या पैशावर आणि युद्धात हात गमावलेल्या सैनिकांसाठी. संशोधनाचा खर्च समाजाने सोसला. पण तयार हात विकत घेताना भार एकट्या गरजूवर पडतो. हात गमावलेल्यांची संख्या तुलनेने थोडी, त्यांत क्रयशक्ती असलेले आणखी थोडे. म्हणून उत्पादन अल्प आणि किंमत अधिक, हे चक्र आपोआप तुटत नाही.

ते तोडण्याची साधने आपल्याकडे अगदीच नाहीत असे नव्हे. कृत्रिम अवयव बनविणारा कानपूरचा सरकारी कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. अपंगांना साधने मिळवून देणारी केंद्राची योजना १९८१ पासूनची आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. उणीव आहे ती ही साधने आणि पवईसारख्या संस्थांतील बुद्धी यांना जोडणाऱ्या सातत्यपूर्ण निधीची. आणि हात बसविल्यावर तो वापरण्याचे शिक्षण व दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी मिळण्याची.

पवईत शिकलेल्या तरुणाचे संशोधन परदेशी बहरले, याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र महामार्गावर हात गमावलेला एखादा क्लीनर त्याच विद्येच्या आधारे पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागेल, तेव्हाच तिचे ऋण फिटू लागले असे म्हणता येईल.