पोकरमधील हूल : मध्यम खेळाडू व तज्ज्ञ यांतील भेद

पोकरचा तज्ज्ञ प्रतिपक्षाच्या मुद्रेवरून त्याची पाने ओळखतो आणि धाडसाने हूल देतो, असा एक समज रूढ आहे. या समजात थोडे तथ्य असले, तरी मध्यम खेळाडूस तज्ज्ञतेकडे नेणारी वाट निराळी आहे. हूल केव्हा व किती वेळा द्यावी, हा मुख्यतः गणिताचा प्रश्न होय.

खेळसिद्धान्ताचा पाया जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली घातला. मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचे स्वतंत्र विवेचन केले. पुढे १९५० मध्ये हॅरल्ड कून यांनी तीन पानांचा एक लघुखेळ मांडला. मूळ तत्त्व समजण्यास तो पुरेसा आहे.

पाने तीनच : राजा, राणी व गुलाम. दोघे खेळाडू प्रत्येकी एक रुपया मध्ये ठेवून एकेक पान घेतात. पैज एका रुपयाची. ती वाढविण्याची मुभा नाही. समजा, पहिल्याकडे राणी असून त्याने पैज न लावता पाळी सोडली. दुसऱ्याकडे राजा किंवा गुलाम असणे समसंभाव्य आहे. तो केवळ राजावर पैज लावू लागला, तर पहिला निर्धास्तपणे पान टाकील व राजाचा अधिक लाभ बुडेल. गुलामावरही तो दर वेळी पैज लावू लागला, तर पहिला ती नेहमी स्वीकारील. कारण एकदा एक रुपया गेला, तरी एकदा तीन रुपये मिळतील. यास्तव दुसऱ्याने राजावर नेहमी आणि गुलामावर तीनांपैकी एकदाच पैज लावावी. मग लागलेल्या चार पैजांत तीन राजाच्या व एक गुलामाची असेल. तीनदा एकेक रुपयाची हानी व एकदा तीन रुपयांचा लाभ यांची बरोबरी होऊन पैज स्वीकारणे व सोडणे पहिल्यास सारखेच ठरते.

यावरून दिसेल की, उघडकीस आलेली हूल ही चूकच असते असे नाही. हुलीची शंका जिवंत असते, म्हणूनच राजावरील पैज स्वीकारली जाते.

मध्यम खेळाडूचा दुसरा दोष म्हणजे फलावरून निर्णयाची परीक्षा करणे. टेक्सास होल्डेममध्ये शेवटचे एक पान यावयाचे असून आपल्याजवळ एकाच रंगाची चार पाने आहेत, असे समजा. न दिसलेल्या ४६ पानांपैकी त्या रंगाची ९ उरतात. म्हणजे संभाव्यता सुमारे एकपंचमांश. मध्ये १०० रुपये असता प्रतिपक्षाने आणखी १०० ची पैज लावली, तर २०० मिळविण्यासाठी १०० घालावे लागतात. त्यास एकतृतीयांश संभाव्यता हवी. पुढील पैजांचा लाभ नसेल, तर येथे पाने टाकणेच इष्ट. इच्छिलेले पान आले, तरी स्वीकाराचा निर्णय चुकीचाच राहतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-कार्यक्रमाने २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंवर १,२०,००० डावांत मात केली, तीही त्यांच्या मुद्रा न पाहता. तथापि समतोल डावपेचांची हमी दोघांच्या खेळापुरतीच आहे, आणि ती हानी टाळण्याची आहे. अधिकाधिक लाभाची नव्हे. प्रतिपक्ष वाजवीपेक्षा अधिक वेळा पाने टाकीत असेल, तर तज्ज्ञ हूल वाढवितो. मात्र आपण समतोलापासून किती व का ढळलो, हे तो जाणून असतो. मध्यम खेळाडूही ढळतो. त्याला ते कळत नाही, इतकेच. म्हणून जिंकलेल्या डावांचीही हिशेबाने फेरतपासणी करणे, हाच अभ्यासाचा खरा आरंभ होय.