नुसता छंद म्हणून केलं, आणि...!

दोस्तांनो, आई-बाबांकडे अँड्रॉइडचा मोबाइल आहे ना? तो सुरू केला की त्याच्या पोटात ‘लिनक्स’ नावाचा एक प्रोग्रॅम गुपचूप कामाला लागतो. पडदा, कॅमेरा, बॅटरी... सगळ्यांना कामं वाटून देणारा हा जणू वर्गाचा मॉनिटरच! आणि गंमत म्हणजे, तो जन्मला एका विद्यार्थ्याच्या छंदातून.

लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधल्या हेलसिंकीचा मुलगा. जन्म १९६९ चा. त्याचे आजोबा (आईचे वडील) संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एक छोटा संगणक आणला. आजोबा कागदावर प्रोग्रॅम लिहीत आणि त्यांच्या मांडीवर बसलेला लिनस तो टाइप करी. तिथेच गोडी लागली.

जानेवारी १९९१ मध्ये विद्यापीठात शिकताना त्याने नवा संगणक घेतला. तोही हप्त्यांवर, बरं का! त्यावर ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. पण घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यायची तिची सोय त्याला पटेना. मग ती त्याने स्वतःच लिहायला घेतली.

सुरुवात किती साधी! एक काम पडद्यावर ‘ए’ छापणार, दुसरं ‘बी’. संगणकाने दोन्ही आलटूनपालटून करायची, एवढंच. ते जमलं आणि स्वारी खूष! मग फाइल साठवायची सोय हवीशी वाटली, ती जोडली. एकेक गरज, एकेक तुकडा.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवून टाकलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, नुसता छंद आहे, पण तुम्हांला काय हवं ते सांगा. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली. सुमारे १०,००० ओळी, आणि अगदी कच्ची!

मनासारखं झालं होतं. आता थांबावं, असं त्याला वाटू लागलं. तेवढ्यात घोटाळा झाला. मोडेमला द्यायची आज्ञा चुकून हार्डडिस्कला गेली आणि मिनिक्स पुसलं गेलं! आता काय करायचं? मिनिक्स पुन्हा घालायचं, की आपलंच अर्धवट काम पुरं करायचं? एव्हाना अनोळखी माणसं त्याला चुका कळवत होती, सूचना करत होती. लिनसने दुसरी वाट धरली.

१९९२ मध्ये त्याने लिनक्स सर्वांना खुलं केलं. कुणीही वापरा, बदला. पण बदललेलं वाटाल तर तेही खुलं ठेवा, एवढीच अट. मग जगभरचे हजारो हात लागले. नोव्हेंबर २०१७ च्या यादीतले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक, सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत होते. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं!

लिनसची खोड मात्र गेली नाही. इतक्या जणांचे बदल नीट सांभाळता यावेत म्हणून २००५ मध्ये त्याने ‘गिट’ लिहिलं. ते आज जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात. समुद्रात बुड्या मारायचा नाद लागला, तर २०११ मध्ये त्या बुड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम केला.

तेव्हा दोस्तांनो, ‘पूर्ण झाल्यावर दाखवीन’ म्हणत आपलं काम लपवून ठेवू नका. कच्चं असलं तरी मित्रांना दाखवा, चुका विचारा. आणि पालकहो, मूल काही दाखवायला आलं, तर ‘याचा अभ्यासात काय उपयोग?’ असं विचारण्याआधी दोन मिनिटं बघा तरी. त्या आजोबांसारखे!