हेडर काढायचे, पण बेताने

मंडळी, उदाहरण आपल्या मार्कंड्याचंच घेऊ. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगा चढते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. समजा, पाण्याची पातळी पाहून इशारा देणारा प्रोग्रॅम आपण सी भाषेत लिहिला. 'पातळी' ही मुख्य फाईल. तिनं 'नदी' हे हेडर घेतलं आणि 'नदी'नं स्वतःसाठी 'वेळ' हे हेडर आत ओढलं.

सीमध्ये इन्क्लूड म्हणजे काही जादू नाही. प्रीप्रोसेसर हेडरचा सगळा मजकूर उचलून त्या ओळीच्या जागी चिकटवतो. त्या हेडरनं आणखी दहा घेतले असतील तर तेही. बरं, हे प्रत्येक सी फाईलसाठी पुन्हा नव्यानं!

हा भार किती वाढतो? लिनक्स कर्नलचं बघा. इंगो मोल्नार यांनी जानेवारी 2022 मध्ये हेडरची गुंतागुंत सोडवणारे सुमारे 2,300 पॅच मांडले. वर्षाहून जास्त काळाची मेहनत. त्यांच्या मोजणीत कर्नल बिल्ड होण्याचा वेग, कॉन्फिगरेशननुसार, 50 ते 80 टक्क्यांनी वाढला. पण एवढा मोठा बदल काही एका घासात गिळला गेला नाही. का, ते आता कळेल.

'नदी'ला आता 'वेळ'ची गरज उरली नाही, म्हणून तुम्ही ती ओळ काढली. 'नदी' ठीक चालतं, 'पातळी' मात्र मोडते. कारण तीही 'वेळ'मधलं फंक्शन वापरत होती, फक्त स्वतः मागत नव्हती. शेजाऱ्याच्या डब्यातून जेवत होती म्हणा ना. म्हणून आधी प्रत्येक फाईलला ती जे वापरते ते स्वतः मागायला लावा, मग काढा. आणि हेडरमध्ये एखाद्या स्ट्रक्चरचा नुसता पॉइंटर असेल, तर त्याचं नाव आधी जाहीर केलं तरी भागतं. पूर्ण हेडर लागत नाही.

ही चूक निदान कंपायलर ओरडून सांगतो. मला भीती वाटते ती गप्प चुकीची. समजा, 'इशारा' हा मॅक्रो काढलेल्या हेडरमध्येच होता आणि भोंगा वाजवणारा कोड त्याच्या इफडेफमध्ये होता. हेडर गेला, मॅक्रो गेला, भोंगाही गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही. बिल्ड स्वच्छ! कळणार कधी? पाणी चढल्यावर.

मग तपासायचं कसं? काढण्याआधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाईल ताडून बघा. नुसतं नको असलेलं हेडर काढलं असेल, तर मशीन कोड तोच निघायला हवा. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: ओळ काढली की खालच्या ओळींचे क्रमांक सरकतात, असर्ट ते क्रमांक वापरतो आणि उगाच फरक दिसतो. म्हणून ताडून होईपर्यंत त्या जागी एक रिकामी ओळ राहू द्या.