त्या येलाले पानी कोन टाके?

जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ ही कथा भल्याभल्यांना कोड्यात टाकते. गोष्ट सांगायला सोपी आहे. वाटेत अडकलेल्या एका माणसाला मठात आसरा मिळतो आणि तिथली माणसं त्याला जमिनीखालच्या खोलीत कोंडून आपला स्वामी करतात. जेवणखाण मिळतं, मान मिळतो, बाहेर पडणं तेवढं नाही. पुढे त्या खोलीत एक वेल वाढतो. हवा येण्याची एकच वाट असते, तिच्यातूनच तो वर चढतो. वेल उजेडाला लागतो, खाली माणसाचा श्वास संपतो.

आता हा माणूस हरला की सुटला?

वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजात आमची सोयाबीन-तुरीची शेती आहे. मी ही गोष्ट आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. ऐकून म्हणाल्या, “अवं, त्याले जेवू घालत होते ना? मंग कायचं दुःख होतं त्याले?”

“बाहीर जाऊ देत नव्हते, आत्याबाई.”

त्या गप्प झाल्या. पुष्कळ शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “त्या येलाले पानी कोन टाके?”

मी कथा दोनदा वाचली होती, हा प्रश्न मला पडला नव्हता. तिथे दुसरं कोण होतं? त्याचंच पाणी, त्यानंच घातलं असणार. मग तो नुसता मरत पडला होता, असं मला म्हणवेना.

मठाखालची खोली आत्याबाईंना समजावून सांगावी लागली नाही. आमच्याच मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती तळघरात आहे. जैनांच्या श्वेतांबर आणि दिगंबर पंथांच्या वादात १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं; तोवर लोक एका लहानशा खिडकीतून दर्शन घेत. त्या खिडकीला मीही डोळा लावला आहे. बाहेरून आत बघणं मला ठाऊक होतं. आतल्याला बाहेरचं काय दिसत असेल, हा विचार या कथेनं माझ्या मनात घातला.

वेलाचंही मी पाहिलेलं आहे. आमच्या कोठ्यात पोत्यांमागे एकदा दोडक्याचं बी पडून उगवलं. अंधारातला कोंब पांढुरका, सुतासारखा बारीक, पानं नखाएवढी. उजेड नसला की झाड पानांवर ताकद घालवत नाही, सगळा जोर लांब होण्यात घालतं. तो कोंब भिंतीला टेकत टेकत टिनाच्या फटीपर्यंत गेला आणि फटीबाहेर आला तसा दोन दिवसांत हिरवा झाला. आतलं देठ मात्र पांढरंच राहिलं. ‘स्वामी’चा शेवट मी वाचते तेव्हा तेच देठ माझ्या डोळ्यांपुढे येतं.

जी.ए. १९२३ साली बेळगाव भागात जन्मले, धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते, १९८७ मध्ये पुण्यात वारले. सभा-समारंभांपासून ते कायम लांब राहिले. ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार, पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद झाल्यावर, त्यांनी परत केला. पण हाच माणूस घरात बसून लोकांना लांबलचक पत्रं लिहायचा. त्या पत्रांचे पुढे खंड निघाले. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या पुस्तकात आहेत. ती वाचल्यावर मला वाटलं, वेल कसा बाहेर जातो हे या लेखकाला अनुभवानं ठाऊक होतं.

‘स्वामी’तला माणूस हरला नाही, हे माझ्या भाचीला पटत नाही. ती वाशिमला शिकते, पुस्तक तिनंच आणून दिलं. तिचं म्हणणं, ज्यांनी कोंडलं त्यांना काही झालं का? मठ तसाच राहिला, उद्या ते दुसरा स्वामी धरतील. हे खरं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तरी ‘हरला’ हा शब्द मी मान्य करत नाही. त्या खोलीतलं सगळं दुसऱ्यांनी दिलेलं होतं. वेल एवढाच त्याचा स्वतःचा.

ज्यांनी जी.ए. वाचलेच नाहीत त्यांनी ‘स्वामी’नं सुरुवात करू नये. ती ज्या ‘पिंगळावेळ’ संग्रहात आहे, त्यातच ‘कैरी’ ही कथा आहे, एका लहान मुलाची आणि त्याच्या तानीमावशीची. ‘कैरी’ आधी वाचावी, मग ‘स्वामी’. आणि जमलं तर शेजारी बसलेल्या कुणाला तरी ती तोंडी सांगावी.