मेगरचं एक मिनिट

सकाळचे दहा वाजून गेलेत. कळंबा तलावाकडनं येणारा वारा अजून गार आहे, पण जेलची उंच भिंत मागं टाकून वसाहतीत वळलं, की ऊन थेट डोक्यावर येतं. मे सरत आलाय. वळवाच्या दोन सरी होऊन गेल्यात. ज्यांची घरं होत आलीत त्यांना आता मीटरची घाई आहे. पाऊस लागायच्या आत वास्तुशांत उरकायची असते.

गल्लीच्या टोकाला तीन मजली घर. गिलाव्याचा ओलसर वास. जिन्याला कठडा नाही, भिंत धरून चढायचं. प्रत्येक भिंतीत पत्र्याचा बॉक्स आणि त्यातनं डोकावणारे तारांचे शेंडे. लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग.

"जपून या मामा, पायाखाली पाइप हायती," वरनं आवाज येतो.

तारतंत्री पंचविशीतला आहे. वायरमनचा दोन वर्षांचा आयटीआय, मग परवाना. परवान्याची झेरॉक्स त्यानं डब्याच्या पिशवीतच प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलीय. परवान्याशिवाय वायरिंगला हात लावायचा नाही, हा नियम जुना आहे. तरी अशा वसाहतीत वायरिंग बऱ्याचदा कोण करतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तो फरशीवर मांडी घालून बसतो. समोर मेगर, तारांचं आवरण तपासायचं यंत्र. काळी जड पेटी, बाजूला दांडा. डीबी म्हणजे वीजवाटपाच्या पेटीतल्या लाल-काळ्या तारांचे शेंडे एकत्र पिळून तो मेगरच्या एका वायरला जोडतो. दुसरी वायर अर्थिंगला. घरातली सगळी बटणं चालू करून ठेवलीत. मग दांडा फिरायला लागतो. घर्र, घर्र, एकसारखा. हात थांबवायचा नाही. या दांड्यातनं 500 व्होल्ट तयार होतात आणि ते तारेवर पूर्ण एक मिनिट ठेवायचे असतात. तारेचं आवरण धड असेल, तर काटा वर राहतो. किमान 1 मेगाओहम हवा. त्याच्या खाली वीज जोडायची नाही.

घरच्या वहिनी दारात उभ्या आहेत. पदर हातात घट्ट धरलेला. काटा थरथरतो, खाली येतो आणि शून्याच्या जवळ बसतो.

"काय झालं?"

"कुठंतरी तार अंगाला लागलीया, वहिनी. हुडकतो."

एकेक सर्किट सोडवायचं, पुन्हा दांडा फिरवायचा. हॉल चांगला. स्वयंपाकघर चांगलं. गिझरच्या लाइनीवर काटा कोसळतो. बाथरूममधला बॉक्स तो उघडतो, मोबाइलचा उजेड आत टाकतो आणि मला जवळ बोलावतो. बॉक्सच्या स्क्रूचं टोक लाल तारेत रुतलंय. आवरणाला तांदळाच्या कणीएवढं भोक, आत तांबं चमकतंय. प्लेट बसवली असती, तर हे कधीच कुणाला दिसलं नसतं. वर गिझर, खाली ओली फरशी. मी ते भोक बराच वेळ बघत राहतो.

जोड मारून टेप गुंडाळली की पाच मिनिटांचं काम. तो तसं करत नाही. पाइपातली तार काढून नवी ओढणार. "पाइपात जोड चालत न्हाई," एवढंच म्हणतो आणि हाताखालच्या पोराला तार आणायला पिटाळतो.

मी खाली येतो. घराच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा उघडा आहे. मधोमध लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. घरमालक बादलीनं पाणी ओतताहेत. माती चटचट आवाज करत पिते. जमीन कोरडी पडली, की वीज मातीत नीट उतरत नाही, म्हणून उन्हाळाभर असं पाणी घालायचं. मीटरच्या जागेशेजारी आरसीसीबीचा खोका आहे, अजून न फोडलेला. घरात गळती 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत यानं पुरवठा तोडायचा. अगदी किरकोळ वाटणारा प्रवाह, पण माणसाचं काळीज थांबवायला फार वेळ न घेणारा.

वीज कार्यालयाकडं निघतो, तर मोठ्या रस्त्यावर नवी उंच इमारत उठतेय. 15 मीटरच्या वर गेलं, की नियम बदलतात. तिथं वीज सुरू करण्याआधी वीज निरीक्षकांना कळवावं लागतं. केबलच्या डक्टमधनं पाण्याचा पाइप न्यायचा नाही, प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये आगरोधक अडसर हवा. लिफ्टचा परवाना वेगळा.

वीज कार्यालयात रांग दारापर्यंत आलीय. पंखा फिरतोय, वारा लागत नाही. प्रत्येकाच्या हातात पिशवी: ए-वन फॉर्म, आधार, घरफाळ्याची पावती, शेजाऱ्याचं लाइटबिल आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट. भिंतीला टेकलेले एक आजोबा आपला रिपोर्ट परत परत उघडून बघतात. नव्या जोडणीला ग्रामीण भागात पूर्वी 30 दिवस होते, 2024 साली केंद्रानं ते 15 केले. रांगेत मात्र कुणी दिवस मोजत नाही. वास्तुशांतीची तारीख मोजतात.

"रिपोर्ट कुठनं काढला?" पुढचा माणूस विचारतो.

"दुकानातनं. पाच मिनिटांत सही."

"घर बघायला आलं कोण?"

"कोण कशाला येतंय?"

दोघं सहज बोलतात. मला तो बाथरूममधला बॉक्स आठवतो. त्या कागदावर मेगरचा आकडा लिहायला एक रकाना असतो. घर न बघता तो भरणं मला भयंकर वाटतं, आणि ते इतक्या साधेपणानं चालावं, हे त्याहून.

चारला परत येतो. तलावाच्या अंगानं काळं भरून आलंय. गल्लीत धूळ उठते, कुणीतरी वाळत घातलेलं ओढून आत घेतं. वर नवी तार ओढून झालीय. तारतंत्री शर्टानं घाम पुसतो, मांडी घालतो, दांडा धरतो. वहिनी या वेळी आत येऊन त्याच्या शेजारीच बसतात.

घर्र, घर्र. काटा वर चढतो आणि तिथंच राहतो. वहिनी ओठातल्या ओठात सेकंद मोजताहेत. बाहेर पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजतात. त्याचा हात थांबत नाही. साठ होतात.

मग तो कानावरची पेन्सिल काढतो आणि आधी भिंतीवरच आकडा लिहितो.