कावळा शिवेना

नांदेडच्या गोवर्धन घाटावर दहाव्याचा पिंड मांडलेला असतो आणि कावळा काही केल्या शिवत नाही. थोरला मुलगा हात जोडून कबूल करतो, 'आबा, धाकलीचं लग्न थाटात करतो.' कावळा दुसरीकडंच बघतो. मग चुलता पुढं सरतो, 'दादा, बांधाचा वाद मिटला समज. आता तरी जेव.' तरी नाही. शेवटी मागून कुणीतरी म्हणतं, 'आरं, तंबाखूची पुडी ठेवा की आधी!' आणि डोळे पुसणारी माणसंसुद्धा खुदकन हसतात.

हे मराठवाड्यातल्या कोणत्याही घाटावर घडतं. त्या हसण्यात गेलेल्या माणसाचा अपमान नसतो. त्याची खोड सगळ्यांना ठाऊक असते आणि बांधाचं भांडण तर त्याहून जास्त. हसू येतं ते मागं राहिलेल्यांच्या घाईचं आणि ऐन वेळी सुचलेल्या दिलदारपणाचं. मराठी नाटक-सिनेमानं मरणावर जो उत्तम विनोद केला, तो याच जातीचा आहे.

त्यातलं सर्वांत धीट नाटक म्हणजे सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण'. 1974 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ते रंगमंचावर आणलं. संगीत आनंद मोडक यांचं. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन स्वतःच लावतात. चंद्रकांत काळे यांनी हा भाऊराव गाऊन अजरामर केला. भाऊरावांचा हट्ट एकच: जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते तर बंद झालेलं. मुलगा नाना कात्रीत सापडतो. इकडं बायको रमा नवऱ्यासाठी आक्रोश करता करता तिरडीच्या खांदेकऱ्यांपैकी डावीकडून तिसऱ्या पुरुषात गुंतते. कीर्तनाची चाल, अभंगाचा ठेका, टाळमृदंग, सगळं ओळखीचं आणि मंगल, पण मजकूर सुतकाचा. या दोहोंच्या घर्षणातून हसू फुटतं. प्रेक्षक हसतो आणि लगेच त्याला आपल्याच घरातलं सुतक आठवतं. भाऊरावांची टवाळी आळेकर करत नाहीत. उघडी पडते ती चाळ, तिचं ठरावीक सांत्वन आणि दुःखातही न चुकणारा हिशेब.

ही रीत पुण्यात जन्मली असं मात्र मी मानत नाही. जी गोदावरी नांदेडला येते, ती पैठणहून येते, आणि पैठणला सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. विंचवाचं भारूड घ्या. लुगडं नेसलेला सोंगाड्या विंचू चावल्याचा कांगावा करत मंडपभर लोळतो, पोरंबाळं हसून बेजार होतात, आणि मग कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे. भुताचंही भारूड आहे. जिवावर बेतलेलं दुखणं, झपाटणं, मांत्रिकाची धावाधाव हे सगळं सप्ताहात, देवासमोर, हसत हसत सादर होतं. निरंजन भाकरे यांच्यासारख्या मराठवाड्याच्या कलावंतानं हीच सोंगी भारुडं खेड्यांतून थेट मोठ्या रंगमंचांवर नेली. मरणाबद्दल हसणं आपल्याकडं पाप कधीच नव्हतं.

पैठणच्याच घाटावर बाबा भांड यांची 'दशक्रिया' ही कादंबरी घडते. त्यातला पोरगा भान्या नदीतली राख चाळून नाणी शोधतो. इतरांचं सुतक, त्याची कमाई. या कादंबरीवरच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2017 मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला विरोधही झाला. तो विनोदी चित्रपट नव्हे, पण त्या पोराच्या हुशारीला हसू येतं आणि मग मन खातं.

आता आपल्या काळजाच्या विषयाकडं येतो. शेतकऱ्यानं आत्महत्या केलेल्या घराला सरकारी मदत मिळते ती 1 लाख रुपये: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्याआधी जिल्हा समिती बसते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून ते मरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. जमीन बापाच्या नावावर आणि फास मुलाच्या गळ्याला, असं झालं की घरच्यांच्या वाट्याला हेलपाटे येतात. कोणत्याही नाटककाराला याहून काळी कल्पना सुचणार नाही.

सतीश मनवर यांनी 'गाभ्रीचा पाऊस' (2009) मध्ये या विषयाला विनोदातून हात घातला. शेजारच्या भास्करनं जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते, आपला किसना तसंच करील. ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, गोडधोड करून घालते, आणि इतकी माया बघून किसनाच गोंधळून जातो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी हा गोंधळ इतका खरा केलाय की हसताना घशात आवंढा येतो. पुढच्याच वर्षी आलेल्या अनुषा रिझवींच्या 'पीपली लाइव्ह'मध्ये चॅनेलवाल्यांची जत्रा जीव द्यायला निघालेल्या शेतकरी नथाच्या दाराशी भरते. तोही चांगला चित्रपट, पण त्याचा रोख माध्यमांवर आहे. 'गाभ्रीचा पाऊस' चुलीपाशी बसतो, म्हणून मला तो मोठा वाटतो. मात्र तो विदर्भाचा, वऱ्हाडी बोलीचा आहे. आपल्या मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे अख्ख्या महाराष्ट्राला हसवतात, आणि 2015 मध्ये नाना पाटेकरांसोबत 'नाम फाउंडेशन' काढून आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरांच्या मदतीला धावतात. हसवणारा माणूस दुःखापासून लांब असतो, हा समज इथं टिकत नाही.

मरणावरच्या विनोदाला मर्यादाही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. त्यावर विनोद करा असं मी कुणालाही म्हणणार नाही. भूकंपापुढं कुणाची टोपी उडवणार? फाईल अडवणाऱ्या टेबलाची मात्र उडवता येते, आणि उडवायलाच हवी.

म्हणून नांदेड-लातूरच्या नाट्यसंस्थांना आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. 'महानिर्वाण' वाचा, सप्ताहातलं भारूड पुन्हा एकदा नीट बघा, आणि 'पात्र-अपात्र'वर आपल्या बोलीत, हसवणारं नाटक लिहा. मेलेल्याला हसू नका, समितीला हसा. पहिला प्रयोग तालुक्याच्या गावी करा आणि पुढच्या रांगेत आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांना मानानं बसवा.